पडवीतलं अहो-जाहो

चांगुणानं भीमाला 'तुमी' म्हटलं, तिथून सगळं सुरू झालं.

सकाळची वेळ होती. सकाळ आपली म्हणायची एवढंच, ऊन आत्तापासूनच दुपारसारखं अंगावर येत होतं. बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला होता आणि त्याच्या पुढचा उन्हाळा आमच्या डोक्यावर बसला होता. आमचं गाव नेवाशाच्या उगवतीला. प्रवरेचं पाणी आमच्याकडं यायचं ते फक्त बोलण्यात. विहिरींनी तळ दाखवला, बाभळींची पानं गळून नुसते काटे राहिले, आणि काळ्या रानाला अशा भेगा पडल्या की शेळीचं करडू पाय अडकून बसायचं.

भीमा घायपाताच्या दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन सूर्यभान आबांच्या ओट्याखाली उभा होता. पाणी खाली जाईल तसा घरोघरचा दोर तोकडा पडत होता, म्हणून वेशीबाहेर राहणाऱ्या भीमाच्या हाताला तेवढं काम होतं. आबा ओट्यावर बसून घोटभर पाण्यात तोंड धूत होते. तेवढ्यात त्यांची नात चांगुणा पाटी घेऊन बाहेर आली. तिसरीतली पोर. भीमाला बघून म्हणाली,

"भीमाबाबा, तुमी उनात का उभं? सावलीला बसा की."

भीमानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

आबांनी तांब्या खाली ठेवला. "कुनाला म्हनलीस गं?"

"भीमाबाबास्नी."

"त्यो काय तुजा चुलता लागतो?"

"बाईंनी सांगितलंय. वडीलधाऱ्या मानसाला अरे-तुरे करायचं न्हाई."

"आयकलंस का भीम्या?" आबा म्हणाले. "लई मोठा झालास तू."

भीमाचं तोंड कसनुसं झालं. त्यानं खांद्यावरचं वेटोळं ओट्याच्या कडेला ठेवलं. "लेकराचं काय मनावर घ्यायचं, पाटील. चुकून बोलली आसंल."

"चुकून न्हाई," चांगुणा म्हणाली. "मी मुद्दामच बोलली."

आतून तिची आई गोजरबाई पिठाच्या हातानं धावत आली आणि पोरीला दंडाला धरून घरात ओढून नेलं. तिला कामावर जायची घाई होती. भाकरी तव्यावर होती, रेशनवरच्या लाल जोंधळ्याची, थापली की चिरायची अशी. सासऱ्याचा आवाज चढलेला ऐकायला तिच्यात त्राण नव्हतं.

भीमा निघून गेला. तोंड न पुसताच आबा कितीतरी वेळ तिथं बसून होते.

*

शाळा आबांच्याच पडवीत भरायची. गावातल्या शाळेचे पत्रे वावटळीनं उडाले तेव्हा आबांनी आपणहून पडवी मोकळी करून दिली होती. पहिली ते चौथी मिळून एकच वर्ग आणि शिकवायला एकच पुष्पावतीबाई. त्या श्रीरामपूरकडच्या, ख्रिस्ती. गावात आल्या तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, ही पांढऱ्या पातळाची बाई काय आमच्या फुफाट्यात टिकायची. पण बाई टिकल्या. सकाळी आडावर त्याही आमच्यासारख्याच रांगेत बसायच्या, आणि कळशीच्या तळाला गाळ आला तर गाळून प्यायच्या.

पुस्तकात एक धडा होता, सर्वांशी आदराने वागावे असा. पोरांनी तो घोकून पाठ केला. तपासणीला साहेब आले तेव्हा घडाघडा म्हणून दाखवला. साहेब खूश झाले. त्यांची सायकल वेशीतून वळते न वळते तोच तीच पोरं एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत मातीत लोळायला लागली. बाईंनी ते बघितलं आणि त्या खडू हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सांगितलं,

"आजपासून शाळेत कुणी कुणाला 'ए' म्हणायचं नाही. 'अरे' नाही, 'अगं' नाही. मी तुम्हाला अहो म्हणणार, तुम्ही एकमेकांना अहो म्हणायचं. आणि बाहेर गेलात की वडीलधाऱ्या माणसाला अहो म्हणायचं. मग तो माणूस कुणीही असो."

पोरांना आधी ती गंमतच वाटली. बाईही मागं हटल्या नाहीत. पहिलीतल्या शेंबड्या बन्सीला त्या म्हणायच्या, "बन्सीराव, तुमचं नाक वाहतंय, पुसा बरं." बन्सीराव छाती काढून नाक पुसायचे. पोरांची भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण "तुमी माजी पेन्सिल चोरली" असं म्हटलं की पुढं हात उचलायला जोर यायचा नाही. निम्मी भांडणं तिथंच हसण्यात जायची.

आबा ओट्यावरून हे ऐकायचे आणि तेही गालातल्या गालात हसायचे. पडवीतलं अहो-जाहो पडवीत होतं, तोवर त्यांना त्याचं काही नव्हतं. ते उंबरा ओलांडून ओट्यावर आलं, ते मात्र त्यांना सोसलं नाही.

त्याच दिवशी ते पडवीत गेले. पोरं उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "या आबा, बसा!"

आबा बसले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "ह्ये तुमचं अहो-जाहो बंद करा."

"का हो आबा? वाईट शिकवलं का मी?"

"वाईट म्या कुटं म्हनलं? पन गावात कोन कुनाला काय म्हनतं, त्ये कवाच ठरल्यालं हाय. तुमी आज हायसा, उद्या बदली हुईल. आमाला हितंच ऱ्हायाचंय."

"भीमाबाबा तुमच्याच वयाचे आहेत, आबा."

"म्हून त्यो माज्या बरुबरीचा झाला का?" आबांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "बैल छावनीला गेली. पोरगा छगन त्येंच्या मागं तिकडंच. सून रोडवर खडी फोडती. हिरीत पानी न्हाई. माज्यापाशी ऱ्हायलंय काय, बाई? चार मानसं पाटील म्हनत्यात, तेवढंच."

बाई हळू म्हणाल्या, "तुम्हाला कमी म्हणा असं मी नाही शिकवलं. त्यांना जास्त म्हणा एवढंच शिकवलं. त्यानं तुमचं कुठं कमी होतंय?"

आबा आणखीच चिडले. "मला हुज्जत नगं. बंद करा, न्हाईतर उद्याच्याला पडवी मोकळी करा."

"बरं," बाई म्हणाल्या. सगळीकडून दमलेल्या माणसाचं बरं होतं ते.

त्यांनी पडवी मोकळी केली. चौथीतल्या पोरांनी फळा उचलला. "अवो, तुमची बाजू खाली झाली की!" "मग तुमी नीट धरा की!" असं बोलत फळा गल्लीतून वेशीकडं गेला. पडवीच्या दारात उभ्या असलेल्या आबांना ते शेवटपर्यंत ऐकू येत होतं.

*

शाळा दुष्काळी कामावर गेली. गावाबाहेर नव्या रस्त्याचं काम निघालं होतं. निम्म्या पोरांच्या आया तिथंच होत्या, पाण्याचं पिंप तिथं यायचं, पोरांना खायला सुकडीही तिथंच वाटायचे. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा लिंब होता. त्याला फळा टेकवून बाई पाढे घ्यायला लागल्या. एका बाजूला हातोड्यांची ठकठक, दुसऱ्या बाजूला बे एके बे.

आबांनी सांगितलं, चांगुणा शाळेत जायची नाही. सकाळी भाकरीचं फडकं बांधताना गोजरबाई म्हणाली, "मामंजी, पोरीला घरी ठिवून तिच्यावर ध्यान कोन देनार? संगं नेती मी."

"ने," आबा म्हणाले. तिनं पाटी पदराखाली घेतली होती, ती त्यांना दिसली की नाही देव जाणे.

कामावर गोजरबाईच्या जोडीला भीमाची बायको लंकाबाई होती. गोजरबाई दगड फोडायची, लंकाबाई घमेल्यानं वाहायची, हात भरून आले की दोघी कामं बदलायच्या. लंकाबाई तिच्या आईच्या वयाची. तरी आजवर तिला हाक मारायची ती 'लंके' अशीच. सगळं गावच तशी मारायचं.

"लंके," गोजरबाईनं हातोडा खाली ठेवत विचारलं, "आमच्या पोरीमुळं तुज्या घरी काय बोलनं झालं का?"

"बोलनं कशाचं?" लंकाबाईनं चुंबळ नीट केली. "घरी आलं आन म्हनलं, पाटलाच्या नातीनं मला तुमी म्हनलं. म्या म्हनलं, ऊन लागलं का काय तुमाला. हासलं न्हाई. निसतं दोर वळीत बसलं. मग म्हनलं, म्या मागं वळून बगितलं गं, कुनाला म्हनती म्हून." तिनं घमेलं डोक्यावर घेतलं. "लई वंगाळ वाटलं बगा मला. मानसाला आपल्याला हाक मारल्याली कळू ने, म्हंजे काय."

ती गेली. गोजरबाई दगडाकडं बघत राहिली. तेवढ्यात मिस्त्री ओरडला, "ए हिरवं लुगडं! झोपलीस का?"

मिस्त्री तालुक्याकडचा, तिशीच्या आतला पोरगा. टेरिकॉटचा शर्ट, कानाला रुमाल. कुणाची नावं लक्षात ठेवायची त्याची तयारी नव्हती. कपडा बघायचा आणि हाक मारायचा. ए हिरवं लुगडं, ए फाटकी टोपी, ए बंडी. आणि हाक ऐकून गोजरबाईनं लगेच हातोडा उचलला. आपण मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, आपल्याला एवढी सवय झाली, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला कसंतरी झालं. लंकाबाई मोकळं घमेलं घेऊन आली तेव्हा तिनं तिला नावानं हाकच मारली नाही. लंके म्हणवेना, आणि दुसरं काही म्हणायची जिभेला सवय नव्हती. पाण्याचा तांब्या नुसता पुढं केला.

चैत्र सरता सरता गोजरबाईला उन्हाचा ताप चढला. अंग तव्यासारखं भाजायला लागलं. तरी पहाटे उठून बसली आणि दाराला धरून उभी राहायला लागली.

"पडून ऱ्हा," आबा म्हणाले.

"न गेल्यावर नाव कापत्यात, मामंजी. मागं कितीतरी बाया उब्या हायत. येकदा जागा गेली की गेली."

आबांनी कणगीत डोकावून बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी खुंटीवरचा पटका काढला, झटकला आणि डोक्याला गुंडाळायला लागले.

"कुटं निगाला?" गोजरबाईनं घाबरून विचारलं.

"तुज्या बदली," आबा म्हणाले.

*

सूर्यभान पाटील खडीच्या कामावर आले, हे रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कळलं. कुणी हसलं नाही. हसावं असं ते दिसतही नव्हतं. लंकाबाईनं त्यांना हातोडा दिला, दगड कुठल्या अंगानं फुटतो ते दाखवलं, आणि स्वतः मान खाली घालून घमेली वाहायला लागली. लिंबाखाली बाईंनी बघितलं. त्यांनी चांगुणाला तोंड फळ्याकडं करून बसायला सांगितलं.

ऊन माथ्यावर आलं. आबांच्या तळहाताला फोड येऊन फुटले होते. ते जरा सरळ झाले आणि पटक्याच्या सोग्यानं मान पुसायला लागले.

"ए पटका!" मिस्त्रीनं हाक मारली.

आबा मान पुसत राहिले.

"ए पटका! बहिरं हायस का रं म्हाताऱ्या? हात चालीव!"

आबांनी वर बघितलं. आपल्याला म्हणतोय हे त्यांना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि असं कधी ऐकून न घेतलेल्या माणसाला त्यावर काय बोलायचं तेही ठाऊक नसतं. हातोडा तसाच हातात राहिला.

लंकाबाई घमेलं घेऊन मिस्त्रीच्या पुढूनच चालली होती. ती थांबली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "पटक्याला काय हाका मारताय? आत मानूस हाय."

"तुला कुनी इचारलं?"

"न्हाई इचारलं. पन म्हातारं मानूस हाय, त्यास्नी अवो म्हना. समद्यास्नीच म्हना."

"पाटील आसंल त्यो गावात. हितं समदे मजूर!"

"व्हय, मजूरच," लंकाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "मजुराला नाव आस्तं की."

मिस्त्रीनं खिशातली पेन्सिल काढली. "तुजा अर्धा दिवस कापला. बोल आनकी."

अर्धा दिवस म्हणजे तिच्या घरच्या अर्ध्या भाकरी. तिनं घमेलं खडीच्या ढिगावर रिकामं केलं आणि पुढं निघाली.

तेवढ्यात आबा खाली बसले. चक्कर येऊन नव्हे, नीट बसले, बैठकीत बसावं तसे मांडी घालून, तापल्या खडीवर. हातोडा त्यांनी बाजूला ठेवला.

"काय झालं रं?" मिस्त्री म्हणाला.

"बसलोय," आबा म्हणाले. "तिचा पुरा दिवस लागंपतूर."

लंकाबाईनं मागं बघितलं. तिनंही घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसली. शेजारच्या बाईनं हातोडा ठेवला. मग तिच्या पलीकडचीनं. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला खूणही केली नव्हती. खरं सांगायचं तर सगळ्यांची पाठच एवढी मोडून आली होती की बसायला एक निमित्त हवं होतं, आणि एकदा बसल्यावर उठायचं मन होईना. ठकठक विरळ होत होत थांबली. लिंबाखालचे पाढेही थांबले. नुसता वारा फुफाटा उडवत होता.

मिस्त्री इकडून तिकडं बघत राहिला. कुणी भांडलं असतं तर तो भांडला असता. पण कुणी तोंडच उघडत नव्हतं. सगळ्या नुसत्या त्याच्याकडं बघत होत्या, आणि लिंबाखालून सगळी शाळा बघत होती. त्याचे कान लाल झाले. त्यानं पेन्सिल जिभेला लावली.

"लावला," तो म्हणाला. "पुरा लावला. उठा आता."

ते 'उठा' एकाला होतं का सगळ्यांना, ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्यानंतर तो कुणाला 'ए' म्हणाला नाही. 'अवो' काही त्याच्या तोंडातून फुटेना. उरलेला दिवस "ओ, ओ" करत हिंडला. ए वरनं ओ वर आला एवढंच. बायांना तेही थोडं वाटलं नाही.

संध्याकाळी बाई फळा पुसत होत्या तिथं आबा गेले.

"पडवी झाडून ठिवतो," ते म्हणाले. "उद्यापासनं या."

बाईंनी डोळ्यांवर आलेले केस मागं सारले. "तुम्ही म्हणालात, बरं वाटलं आबा. पण आता नको. पोरांना इथं आयांची सोबत आहे, सुकडी आहे. पाऊस पडला की येऊ."

"पाऊस कवा पडायचा?"

"ते कुणाला ठाऊक?" बाई म्हणाल्या. आबांनी मान हलवली आणि चालायला लागले. माणूस आपणहून वाकला की समोरच्यानं लगेच उचलून धरावं असं त्याला वाटतं. बाईंनी तसं केलं नाही. रागही धरला नाही. त्यांना फक्त पोरांचं बघायचं होतं.

*

गोजरबाईचा ताप उतरला आणि ती कामावर आली. आबाही येतच राहिले, कारण एकीच्या मजुरीत भागत नव्हतं. पुढं घायपातही वाळून गेला, दोराला वाख मिळेना, तेव्हा भीमाही खडीवर यायला लागला. दिवस कलला की चौघं एकाच वाटेनं गावाकडं परतायचे. पुढं दोघं म्हातारे, मागं दोघी बाया, आणि मधूनच पुढं पळणारी चांगुणा.

एका संध्याकाळी गोजरबाईनं कान देऊन ऐकलं. पुढं आबा भीमाशी बोलत होते.

"गुडघं लई दुखत आसतील," आबा म्हणत होते.

"दुखत्यात जरा," भीमा म्हणाला. "हाताच्या फोडांवर काय लावनं झालं का?"

"त्याल लावलं. जेवनाला काय हुतं आज?"

"त्येच, लाल जोंधळा. आन हिकडं?"

"हिकडं बी त्येच."

गोजरबाईनं लंकाबाईला कोपरानं डिवचलं. "लंकाबाई, आयकताय का? मामंजी तू म्हनंनात, आन तुमी बी म्हनंनात."

आपण काय म्हणालो हे गोजरबाईच्या ध्यानातच आलं नाही. लंकाबाईच्या आलं. तिनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि पदराआड हसली.

"आमचं म्हातारं बी तसंच करतंय की," ती म्हणाली. "दोगं बी बोलन्याला वळसं घालत्यात. दगुड फोडून दमत्यात, वर ह्ये आनकी."

आणि खरंच ते सोपं काम नव्हतं. प्रत्येक वाक्य आधी मनात फिरवून बघायचं, कुठं तू येतोय का, कुठं तुमी येतंय का, आणि ते दोन्ही चुकवून तोंडातून काढायचं. आबा मधेच अडायचे, खाकरायचे, मग पुढचं बोलायचे. भीमा तोवर थांबायचा. त्याला कळत होतं. घाई करत नव्हता.

वेशीपाशी वाट फुटली. डावीकडं भीमाची वस्ती, सरळ गेलं की आबांचं घर. आबा उभे राहिले. आता निरोप द्यायचा होता, आणि तिथंच घोडं अडलं. ये म्हणावं तर त्यात तू आला, या म्हणावं तर तुमी आलं. दोन्हींतून सुटायला वाट नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पटका सारखा केला. भीमा उभाच होता. दोघी बाया मागं उभ्या राहिल्या. चांगुणा आबांच्या तोंडाकडं वर मान करून बघायला लागली.

दिवस मावळून गेला होता, फुफाटा खाली बसत होता, सगळ्यांचेच पाय दुखत होते.

"रामराम," आबा म्हणाले.

आजवर गावात कुठल्याही पाटलानं वेशीबाहेरच्या माणसाला आपणहून रामराम घातला नव्हता. आबांच्याही ते ध्यानात आलं नसावं. त्यांनी आपली अडचणीतून सुटायला वाट शोधली होती.

"रामराम," भीमा म्हणाला.

आणि दोघं आपापल्या वाटेनं घराकडं गेले.